दुसऱ्याचे व्रत



‘श्रद्धा आणि वैद्यक’ हा विषय आपण मला दिलात. मी बेळगावच्या एका दिगंबर जैन घरातला, होमिओपॅथीचा डॉक्टर. सिद्धांत मांडण्याइतका माझा अधिकार नाही. एक चूक मात्र जवळ आहे, ती आपल्यापुढे ठेवतो.

आमच्या घरात कांदा कधी आला नाही. कंदमुळात एकाच देहात अनंत जीव राहतात, ही आमची शिकवण. अकरावीला जीवशास्त्राच्या प्रात्यक्षिकात मी पहिल्यांदा कांदा हातात धरला. त्याचा पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तेव्हा विटांच्या भिंतीसारख्या पेशी दिसल्या. त्या दिवशी माझी श्रद्धा गेली, असं सांगितलं तर गोष्ट छान होईल, पण ते खरं नाही. वसतिगृहात सकाळचा णमोकार कधी थांबला, सूर्यास्तानंतर पहिल्यांदा कधी जेवलो, काही आठवत नाही. सुट्टीत घरी आलो की मी पुन्हा दिवसाउजेडी जेवत असे. आईला काही कळू दिलं नाही.

पुढे मटेरिया मेडिका हातात आली. ‘एपिस’ मधमाशीपासून, ‘लॅकेसिस’ सापाच्या विषापासून, आणि ‘अ‍ॅलियम सेपा’ म्हणजे तर साक्षात तांबडा कांदा! शिवाय बाटलीत मद्यार्क. मद्य, मांस, मधु यांचा त्याग हे श्रावकाचे मूलगुण. माझं औषधांचं कपाट त्या यादीच्या नेमकं उलट होतं.

एका पावसाळ्यात आईला सर्दी झाली. नाकातून पाण्याची धार, डोळे चुरचुरत होते. लक्षणं सेपाची. मी ३० पोटन्सीच्या गोळ्या तिच्या हातावर ठेवल्या.

“यात काय आहे रे?” तिनं विचारलं.

“साखर,” मी म्हणालो.

गोळ्या साखरेच्याच होत्या, म्हणून ते खोटं नव्हतं असं मी मनाला समजावलं. दुसरी पळवाट गणिताची. एकास शंभर असं ३० वेळा विरल केल्यावर मूळ कांद्याचा कणही उरत नाही. पण मग प्रश्न येतो: कांदा त्यात नाहीच, तर मी औषध म्हणून दिलं काय? आणि आहे, तर तिचं जन्मभराचं व्रत मी तिच्या नकळत मोडलं. यातून सुटका नाही. सर्दी चार दिवसांत गेली. सर्दी तशीही जाते.

त्या वर्षी भाद्रपदात दशलक्षण पर्व आलं. तिसरा दिवस उत्तम आर्जवाचा, म्हणजे सरळपणाचा. आई किल्ल्यातल्या, १२०४ सालच्या कमल बस्तीत दर्शनाला गेली, मी सोबत होतो. वद्य प्रतिपदेला, क्षमावणीच्या दिवशी, मी रीतीप्रमाणे हात जोडून क्षमा मागितली. ती हसली. “तू काय केलंस बाळा, क्षमा मागायला?” सांगायची वेळ तीच होती. मीही हसलो. आज ती नाही.

माझी श्रद्धा सुटली याचं मला दुःख नाही. तो माझा हिशेब. पण जे मी मानत नाही ते क्षुल्लक आहे, असं मी धरून चाललो आणि तिचा हिशेबही परस्पर मिटवला. हा अपराध मात्र माझा आहे.

आता मी औषध देण्याआधी ते कशापासून केलंय ते सांगतो. मध्यंतरी एका आजींनी गोळ्या परत टेबलावर ठेवल्या. “नको बाबा, दुसरं बघ.” मी दुसरं बघितलं.

आपल्या घरांतही मुलं, सुना, जावई देवधर्मापासून दूर गेलेले असतील. कदाचित आपण स्वतःच गेला असाल. खुशाल जा. पण घरातल्या म्हाताऱ्या माणसाला ताटात काय वाढलंय, हे विचारलं की खरं सांगा. आणि जमलं तर त्यांनी विचारायच्या आधी सांगा.