हाताला हिसका न देणारे धनुष्य



मी राहणारा ठाण्याच्या वागळे इस्टेटीतला. 1962 साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि त्याची पहिली औद्योगिक वसाहत इथे उभी राहिली. लेथ, प्रेस, घणाचे आवाज हीच इथली ओळख होती. आता पुष्कळ जुन्या कारखान्यांच्या जागी काचेच्या इमारती आणि संगणकाच्या कचेऱ्या आल्या. अशा ठिकाणच्या माणसाने धनुष्यावर काय बोलावे, असे तुम्ही म्हणाल. पण इस्टेटीच्या पाठीशीच येऊरचा डोंगर आहे आणि त्यावर वारल्यांचे पाडे आहेत. तिथल्या जुन्या माणसांना तिरकमठा काही नवा नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली, ती योग्यच झाली. परंतु नेम मारण्याची विद्या शिकारीबरोबर मरावी असे कुठे लिहिलेले नाही. राजस्थानातल्या उदयपूर जिल्ह्यातला आदिवासी मुलगा लिंबाराम बांबूच्या धनुष्यावर शिकला आणि 1988, 1992 व 1996 अशा तीन ऑलिंपिकांत भारतातर्फे खेळला. आपल्या साताऱ्याची अदिती स्वामी 2023 साली बर्लिनला जगज्जेती झाली, तेव्हा ती अवघी सतरा वर्षांची होती. तिचे धनुष्य चाकांचे, यंत्रासारखे असते, ती गोष्ट वेगळी. पण मूल आपले, मातीही आपलीच.

तेव्हा आज पुष्कळ शाळांतून धनुर्विद्येची हौस निघाली आहे. स्पर्धांमध्ये ‘इंडियन राउंड’ नावाचा एक प्रकार आहे, त्यात बांबूचेच धनुष्य चालते. शाळा चार धनुष्ये विकत आणते. पहिला आठवडा मैदानावर गर्दी. दुसऱ्या आठवड्यात निम्मी मुले. महिन्याने पाहावे तर धनुष्ये कपाटावर धूळ खात पडलेली. मुलांना विचारा, ती सांगतील, “गुरुजी, हात दुखतो.” आपण म्हणतो, सवय नाही म्हणून दुखतो, होईल सवय. माझे म्हणणे असे की, दर वेळी दोष मुलाचा नसतो, बऱ्याचदा तो धनुष्याचा असतो.

बाण सुटला की ज्या हातात धनुष्य धरले आहे त्या मनगटाला, कोपराला एक हिसका बसतो. बॅटच्या टोकावर चेंडू लागला म्हणजे हात कसा झिणझिणतो? किंवा कुदळ मातीत म्हणून घातली आणि खाली दगड लागला, तर? तसेच हे. मोठा माणूस तो सोसतो. बारा वर्षांचे पोर मात्र पुढच्या बाणाच्या वेळी नकळत हात आखडून घेते, डोळे मिटते, नेम चुकतो, आणि “मला हे जमणार नाही” असे मनाशी ठरवून टाकते. एकदा हे ठरले की परत मैदानावर आणणे फार कठीण.

हा हिसका येतो कुठून? दोरी ओढली म्हणजे धनुष्याच्या दोन्ही कांबींत शक्ती साठते. दोरी सोडली की ती शक्ती बाणाला मिळते, पण सगळी मिळत नाही. कांबींनासुद्धा स्वतःचे वजन आहे. त्यांनाही पुढे धावावे लागते. बाण निघून गेला तरी कांबी वेगातच असतात. मग दोरी ताठ होऊन त्यांना एकदम अडवते आणि उरलेली सारी शक्ती मुठीवाटे तुमच्या हातात उतरते. अमेरिकेत क्लॉपस्टेग नावाचे पदार्थविज्ञानाचे जाणकार होते, त्यांनी याचा हिशेब मांडण्याची सोपी तोड काढली. ते म्हणाले, असे धरून चाला की बाणाबरोबर आणखी एक अदृश्य वजन फेकले जाते. ते वजन धनुष्याचे. समजा ते वजन 13 ग्रॅम आहे आणि तुमचा बाण 26 ग्रॅमचा, तर दोन तृतीयांश शक्ती बाण घेऊन जाईल. त्याच धनुष्यावर 13 ग्रॅमचा हलका बाण लावलात, तर निम्मीच शक्ती बाणाची; उरलेली निम्मी धनुष्यात राहिली. आणि बाण न लावता नुसतीच दोरी ओढून सोडली तर? सगळीच धनुष्यात राहिली! पोरांना हा खेळ फार आवडतो आणि त्यातच धनुष्य मोडते. ही सक्त मनाई पहिल्याच दिवशी सांगावी.

यातून निवडीचे पहिले सूत्र मिळते: कांबींची टोके पाहा. मुठीजवळचे लाकूड फारसे हलत नाही, ते जाड असले तरी बिघडत नाही. उलट मूठ जरा वजनदार असली तर हात शांत राहतो. सगळ्यात लांब धावते ते टोक. तिथे चार तोळे जास्त असतील तर ते मुठीजवळच्या पावशेरापेक्षा जास्त त्रास देतात. पुष्कळ कारागीर दोरीची खाच तुटू नये म्हणून टोक अंगठ्याएवढे जाड ठेवतात. दुकानात दोन धनुष्ये सारखी दिसली तर शेवटची वीतभर कांब चिमटीत धरून पाहा. जिचे टोक निमुळते ती घ्या.

दुसरे, दोरी ओढून धरायला कोणाला तरी सांगा आणि चार पावले दूर, बाजूला उभे राहून वाक पाहा. वरची आणि खालची कांब सारखी वाकली पाहिजे. एक ताठ, एक ढिली असेल तर दोन्ही एकाच क्षणी घरी पोचत नाहीत. बैलजोडीत एक पुढे, एक मागे असला म्हणजे गाडीवानाला जसे हिसके बसतात, तसे धनुर्धराला बसतात. आणखी एक खूण म्हणजे मूठही वाकते की काय हे पाहणे. काही लांब धनुष्ये टोकापासून टोकापर्यंत पूर्ण गोल वाकतात. दिसायला ती फार देखणी, पण मुठीतच उसळी घेतात. मूठ ताठ आणि वाक दोन्ही कांबींत पसरलेला, असे धनुष्य शाळेला बरे.

लांबीचे भय बाळगू नये. इंग्लंडचे ‘मेरी रोझ’ हे जहाज 1545 साली बुडाले आणि 1982 साली वर काढले. त्यात सापडलेली धनुष्ये पुरुषभराहूनही लांब आहेत. ती ओढायला शंभर पौंडांहून अधिक जोर लागत असावा असा अभ्यासकांचा अंदाज आहे. ती लढाईची हत्यारे, आपल्याला ती नकोत! पण मुलाच्या उंचीएवढे धनुष्य ओढताना अवघडत नाही, दोरीचा कोन बोटांना चिमटत नाही, हा लांबीचा गुण घेण्यासारखा आहे.

जोराचे काय? इथेच सगळी फसगत होते. पालक आणि कधीकधी आपण शिक्षकही दणकट धनुष्य मागतो. दहा-बारा वर्षांच्या मुलाला 15 ते 20 पौंड, म्हणजे सात ते नऊ किलोचा ओढा पुरे. मोठ्या माणसाने 25 ते 30 पौंडांवर सुरुवात करावी. दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका. बाजारातला साधा ताणकाटा खिशात न्या, दोरीला अडकवा, मूल जेवढे ओढते तेवढे ओढा आणि आकडा वाचा.

बाण धनुष्याला शोभेल इतका वजनदार हवा. ढोबळ हिशेब असा की, ओढ्याच्या दर पौंडाला साधारण 0.65 ग्रॅम. 20 पौंडांचे धनुष्य असेल तर बाण 13 ग्रॅमच्या आसपास. सोनाराकडे किंवा किराण्याच्या बारीक काट्यावर तोलून घ्या. पाव ग्रॅमचा कीस काढीत बसू नका, पण हलका बाण म्हणजे चांगला बाण ही समजूत मात्र सोडा. तो वेगाने जातो खरा. त्याची किंमत मनगट मोजते.

विकत घेण्याआधी एकाच बाणाने दोन-तीन धनुष्यांवर सहा-सहा वेळा नेम मारून पाहा. बाण कुठे लागला ते त्या दिवशी पाहू नका. डोळे निशाणावर, पण लक्ष कोपरात ठेवा. मूठ आवळू नका. चिमणी धरावी तशी धरा, म्हणजे धनुष्य खरे काय करते ते कळते.

शाळेत आधीच हिसका देणारे धनुष्य असले तर ते फेकून देण्याची घाई नको. दोरी चढवल्यावर मूठ आणि दोरी यांत एक मूठ व वर उभा अंगठा मावेल इतके अंतर आहे का पाहा. दोरी त्याहून जवळ असेल तर तिला चार पीळ द्या. फार न ताणणाऱ्या दोरीऐवजी डेक्रॉनची दोरी लावा, ती जरा ताण खाते आणि धक्का मवाळ करते. तरीही भागले नाही तर टोकाची चार-पाच बोटे जागा दोन्ही बाजूंनी सारखी तासून अरुंद करा, काचेच्या तुकड्याने, हळूहळू, मधून मधून बाण मारून बघत. बांबूचे असेल तर बाहेरच्या हिरव्या सालीला हात लावू नका. बांबूचे बळकट तंतू त्या सालीलगतच दाटलेले असतात. आणि काम संपले की दोरी उतरवून ठेवा, आमच्या ठाण्याच्या पावसाळ्यात तर नक्कीच. चुलीवर किंवा उन्हात मात्र वाळत घालू नका, सावलीत दोन खुंट्यांवर आडवे ठेवा.