किंमत उघड असू द्या



ॲप बनवणाऱ्यांच्या या संमेलनाच्या अध्यक्षपदाचा मान आपण मला दिलात, त्याबद्दल मी आपली मनापासून ऋणी आहे. आपण तंत्राबद्दल भरभरून बोलतो; पैशाचा विषय निघाला की मात्र अवघडतो. म्हणून आज पैशाबद्दलच बोलते. ॲप बनवणारा आणि वापरणारा यांच्यातला व्यवहार उघड असेल तरच दोघांचं भलं होतं, असं माझं ठाम मत आहे.

जुलै 2008 मध्ये ॲपलचं ॲप स्टोअर सुरू झालं, तेव्हा व्यवहार सरळ होता. किंमत बनवणाऱ्यानं ठरवायची. त्यातले 70 टक्के त्याचे, 30 टक्के ॲपलचे. पुढच्याच वर्षी मोफत ॲपच्या आतून विक्री करायची सोय झाली, आणि हळूहळू ‘आत या फुकट, पैसे नंतर’ हीच बाजाराची रीत बनली. आपल्याकडे गूगल प्लेवर ॲपची किमान किंमत 2015 मध्ये 50 रुपयांवरून 10 रुपयांवर आली. तरी दहा रुपये देण्यापेक्षा जाहिराती सोसणं बहुतेकांना सोपं वाटतं.

याचा भार बनवणाऱ्यावर कसा पडतो ते पाहा. 99 रुपयांचं ॲप घ्या. त्यात 18 टक्के जीएसटी धरलेला असेल, तर मूळ किंमत उरते सुमारे 84 रुपये. स्टोअरचं शुल्क 15 टक्के असेल तर हाती 71 रुपये, 30 टक्के असेल तर 59. या 71 रुपयांतून सर्व्हरचं भाडं, चाचणीचे फोन आणि ग्राहकांच्या तक्रारींना उत्तरं. ॲपलकडे तर नोंदणीचेच दरवर्षी 99 डॉलर. शिवाय अँड्रॉइडच्या नव्या आवृत्तीशी जुळवून घेण्याचं काम दरवर्षी करावंच लागतं. नाही केलं तर नवा फोन घेणाऱ्याला ते ॲप स्टोअरमध्ये दिसेनासं होतं. ग्राहक पैसे एकदा देतो, काम मात्र वर्षानुवर्षं चालतं. म्हणून वर्गणी आली. जिथे सेवा सतत चालू असते, तिथे ती मला रास्त वाटते.

छोट्यांना काही दिलासा मिळाला आहे. वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंतच्या कमाईवर ॲपलनं 2021 च्या आरंभी आणि गूगलनं त्याच वर्षी जुलैत शुल्क 15 टक्क्यांवर आणलं. ऑक्टोबर 2022 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं प्लेच्या बिलिंग धोरणाबद्दल गूगलला 936 कोटींचा दंड केला. मार्च 2025 मध्ये अपिलात तो सुमारे 216 कोटींवर आला. पर्यायी पेमेंटची वाट मिळाली, पण त्यात शुल्क घटतं फक्त चार टक्क्यांनी, आणि पेमेंट कंपनीचा खर्च वेगळा. हा लढा अजून संपलेला नाही आणि आपण तो सोडूही नये.

पण स्टोअरशी भांडताना आपल्या ग्राहकाशी आपण कसे वागतो? बाराखडीचं एखादं मोफत ॲप उघडून पाहा. मूल ‘क’ गिरवायला बोट टेकवतं, तोच पडदाभर खेळाची जाहिरात येते; बंद करायची फुली इतकी बारीक की बोट जाहिरातीवरच पडतं. इथे किंमत त्या मुलाच्या लक्षातून वसूल होते, आणि पालकांना तिचा पत्ताही नसतो. मोठ्यांसाठी सात दिवसांची मोफत चाचणी असते. आठव्या दिवशी वर्षभराची रक्कम कापली जाते.

इथे नियमांनी ग्राहकाला हात दिला आहे. ऑक्टोबर 2021 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार आपोआप होणाऱ्या वसुलीआधी 24 तास सूचना द्यावी लागते. त्या वेळी अनेकांच्या वर्गण्या खंडित झाल्या आणि आपल्या व्यवसायाला झळ बसली, हे खरं. तरीही नियम योग्यच होता, असं मी या व्यासपीठावरून म्हणते. नोव्हेंबर 2023 च्या ग्राहक संरक्षणाच्या मार्गदर्शक सूचनांनी वर्गणीचा सापळा आणि शेवटच्या पायरीवर वाढणारी किंमत यांना अनुचित ठरवलं, हेही योग्यच झालं.

ॲप वापरणाऱ्यांनाही मला काही सांगायचं आहे. तीनशे रुपयांचा दिवाळी अंक मराठी घर आनंदानं विकत घेतं. मराठी शब्दकोशाच्या ॲपमागेही तशीच माणसं आणि तशीच मेहनत असते. त्याचे पैसे मिळाले नाहीत तर ते जाहिरातींवर जगेल, किंवा बंद पडेल. शाळांनी आणि ग्रंथालयांनी पुस्तकखरेदीत अशा ॲपना जागा द्यावी, अशी माझी विनंती आहे.

शेवटी, मी या संमेलनासमोर तीन गोष्टी ठराव म्हणून मांडते. एक, काय मोफत, काय विकत आणि पैसे पुन्हा कधी कापले जातील, हे पहिल्याच पडद्यावर मराठीत लिहावं. दोन, वर्गणी जितक्या बटणांत सुरू होते तितक्याच बटणांत बंद व्हावी. तीन, लहान मुलांच्या ॲपमध्ये जाहिरात नसावी. त्याऐवजी पालकांकडून उघडपणे किंमत मागावी. यात सुरुवातीला आपली कमाई घटेल, याची मला जाणीव आहे. पण स्टोअरकडून न्याय मागणाऱ्यानं तो आपल्या ग्राहकाला आधी द्यायला हवा. हे ठराव आपण संमत करावेत, अशी विनंती करून मी थांबते.