कचेरीचे महाद्वार

(मंडळात दिलेले भाषण)



दिल्लीत आपल्याकडे येणारा पाहुणा लाल किल्ला पाहतो, कुतुबमिनार पाहतो आणि खरेदीसाठी कनॉट प्लेसला जातो. तेथे बाहेरच्या वर्तुळावर भारतीय आयुर्विमा महामंडळाची ‘जीवन भारती’ ही इमारत उभी आहे. ती सहसा कोणी मुद्दाम पाहावयास जात नाही. माझी सारी हयात सरकारी कचेऱ्यांत गेली. म्हणूनच आज या एका कचेरीविषयी चार शब्द बोलावेसे वाटतात.

रॉबर्ट टॉर रसेल याच्या आराखड्यानुसार १९२९ ते १९३३ या काळात कनॉट प्लेसची बाजारपेठ उभी राहिली. पांढऱ्या, दुमजली इमारती आणि त्यांच्यापुढे खांबांच्या ओवऱ्या, असे तिचे रूप. पुढे या ओवऱ्यांच्या पाठीमागे उंच मनोरे वाढू लागले. या दोहोंच्या सीमेवर नवी इमारत बांधण्याचे काम चार्ल्स कोरिया यांच्याकडे आले. मूळच्या गोमंतकीय घराण्यातले हे वास्तुशिल्पज्ञ मुंबईत व्यवसाय करीत. पणजीची कला अकादमी ही त्यांचीच रचना.

१९८६ साली पूर्ण झालेल्या या वास्तूत त्यांनी जुन्या ओवऱ्यांची नक्कल केली नाही. इमारतीचे दोन भाग करून मध्ये मोठी मोकळीक ठेवली आणि बारा मजल्यांच्या उंचीवर दोहोंना जोडणारा पोलादी मांडव घातला. त्यामुळे कचेरीचेच एक महाद्वार झाले. त्याच्या चौकटीतून मागचे मनोरे दिसतात, तर दर्शनी काचेत कनॉट प्लेसची झाडे व पांढऱ्या भिंती उमटतात. भिंतींना तांबडा वालुकाश्म आहे. लाल किल्ल्याशी आणि हुमायूनच्या मकबऱ्याशी त्याचे नाते सांगावे लागत नाही. खालच्या स्तरांवर पादचाऱ्यांसाठी चौथरे व दुकाने योजलेली होती.

दिल्लीच्या उन्हाळ्यात एवढी काच कशाला, असा आक्षेप कोणी घेईल. तो मला रास्त वाटतो. दुमजली शेजाऱ्यांपुढे हे धूड फार मोठे आहे, हेही खरे. तथापि, ज्याचे त्या कचेरीत काहीएक काम नाही, त्या वाटसरूचाही येथे विचार झाला आहे, हे मला अधिक मोलाचे वाटते.

तसा तो व्हावयासच हवा होता. अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांच्या कारकीर्दीत, १९५६ साली, आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले आणि २४५ विमा कंपन्या व संस्था मिळून हे महामंडळ निर्माण झाले. त्याची तिजोरी शिक्षक, कारकून, शेतकरी अशा सामान्यांच्या हप्त्यांनी भरते. ज्यांच्या पैशावर कचेरी उभी राहते, त्यांना तिच्या सावलीत घटकाभर उभे राहता यावे, ही अपेक्षा फाजील नव्हे.

अलीकडे सरकारी कचेऱ्यांभोवती कुंपणे आणि तपासण्या वाढल्या आहेत. त्यांची गरज मी जाणतो. त्या व्यवस्थेच्या टिपणांवर मीही सह्या केल्या आहेत. परंतु प्रत्येक कुंपणाबरोबर नागरिक एक पाऊल मागे सरतो, याची जाणीव आम्हा अधिकाऱ्यांना राहिली पाहिजे. नव्या इमारतीचा नकाशा मंजुरीस येतो तेव्हा किती खोल्या बसतात, हे आम्ही नेमके विचारतो. येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी वाट कोठे आहे, हेही त्याच टिपणात विचारले जावे.

पुढच्या खेपेस पाहुण्यांना घेऊन जाल तेव्हा त्या महाद्वारासमोर दोन मिनिटे अवश्य थांबा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.