दूरध्वनीचा यांत्रिक द्वारपाल

दुकानाच्या पायरीवर गिऱ्हाईक दिसलें म्हणजे "या, बसा" म्हणावें, ही आपल्याकडील जुनी रीत. परंतु आजचें गिऱ्हाईक पुष्कळदां पायांनीं येण्यापूर्वीं दूरध्वनीवरून येतें, आणि त्याला "या" म्हणण्याचें काम अनेक पेढ्यांनीं एका यंत्राकडे सोंपविलें आहे. "भावासाठीं एक, हिशेबासाठीं दोन" असें सांगणाऱ्या या योजनेस ऑटो अटेंडंट असें नांव आहे. मराठींत तिला यांत्रिक द्वारपाल म्हणण्यास हरकत नाहीं. हा द्वारपाल कसा नेमावा, आणि तो चुकूं लागला तर दोष कोठें शोधावा, हें सातारा-सांगलीच्या व्यापारी घरांनीं समजून घेण्यासारखें आहे.

मधला माणूस काढून टाकण्याची कल्पना जुनीच आहे. अमेरिकेंतील कॅन्सस सिटी येथें अल्मन स्ट्राउजर नांवाचा एक गृहस्थ अंत्यविधीची व्यवस्था करण्याचा व्यवसाय करीत असे. टेलिफोन जोडून देणारी बाई आपलीं गिऱ्हाइकें प्रतिस्पर्ध्याकडे वळविते, असा त्याला संशय आला, असें सांगतात. त्यानें माणसावांचून जोडणी करणारें यंत्र योजिलें व १८९१ सालीं त्याचें पेटंट मिळविलें. पुढील वर्षीं इंडियाना संस्थानांतील ला पोर्ट गांवीं तसें एक्स्चेंज सुरू झालें. भारतांत मुंबई, कलकत्ता व मद्रास येथें १८८२ सालीं टेलिफोन आला. स्वयंचलित एक्स्चेंज प्रथम सिमल्यास १९१३-१४ मध्यें बसलें.

आजच्या द्वारपालाचा कान मात्र १९६३ नंतरचा आहे. त्या वर्षीं अमेरिकेंत फिरत्या तबकडीऐवजीं बटणांचा टेलिफोन विक्रीस आला. बटण दाबलें कीं दोन सूर एकदम निघतात. पांचचें बटण दाबल्यास एक सूर सेकंदास ७७० कंपनांचा व दुसरा १३३६ कंपनांचा असतो. यंत्र ही जोडी ओळखतें आणि ठरविल्याप्रमाणें फोन पुढें पाठवितें. दोन सूर घेण्याचें कारण असें कीं, माणसाच्या बोलण्यांत नेमकी तीच जोडी सहसा येत नाहीं.

आतां नेमणुकीचा विचार करूं. सांगलीच्या मार्केट यार्डांतील एखादा हळदीचा अडत्या घ्या. त्यानें यंत्राला हात लावण्यापूर्वीं कागद घ्यावा आणि आठवडाभर येणारा प्रत्येक फोन कशासाठीं आला, तें टिपून ठेवावें. सौद्याचा भाव, पट्टीची चौकशी, वखारींतील माल, हुंडेकऱ्याची गाडी अशीं तीन-चार कामें वर येतील. तितकेच पर्याय ठेवावेत. ऐकणाराला सात पर्याय लक्षांत राहत नाहींत. काम आधीं सांगावें, आंकडा मागून. "एक दाबा, म्हणजे भाव कळेल" असें म्हटल्यास काम कळेपर्यंत आंकडा विसरला जातो. सांगलीस हळद कर्नाटकांतूनहि येते. म्हणून मराठीबरोबर कानडी व हिंदीचीहि सोय असावी. आणि कांहींच न दाबणाराचा फोन तोडूं नये. आठ-दहा सेकंद वाट पाहून तो सरळ माणसाकडे जावा.

त्यानंतर प्रश्न येतो तो ओळींचा. साताऱ्याजवळील कासच्या पठारावर फुलांचा हंगाम आला कीं निवासगृहांना फोनांचा वर्षाव सुरू होतो. समजा, तासाला ३० फोन येतात व प्रत्येक ४ मिनिटें चालतो. एकूण १२० मिनिटें झालीं. म्हणजे सरासरीनें दोन ओळी गुंतलेल्या. मग दोन ओळी पुरेत असें मालकाला वाटतें. परंतु फोन कांहीं रांगेनें येत नाहींत. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनींतील गणिती एर्लांग यानें या प्रश्नावर १९०९ पासून लेखन केलें. त्याच्या सूत्रानें पाहतां, दोन ओळींवर शंभरांतील ४० फोनांना ओळ गुंतलेली आढळेल, चार ओळींवर सुमारें १० आणि पांच ओळींवर सुमारें ४. द्वारपाल कितीहि गोड बोलो, ओळच मोकळी नसेल तर त्याचें बोलणें ऐकणार कोण?

आतां दुरुस्तीकडे वळूं. पहिली तक्रार अशी कीं, बटण दाबूनहि यंत्र ऐकत नाहीं. फोन इंटरनेटवरून येत असेल तर आवाज आकसून पाठविला जातो, आणि त्या आकसण्यांत सूर विकृत होतात. यावर उपाय म्हणजे सूर आवाजांत न मिसळतां वेगळ्या संदेशानें पाठविणें. मात्र दोन्ही टोकांना तीच पद्धत ठरलेली असावी.

दुसरी तक्रार मोठी चमत्कारिक असते. भर दहा वाजतां "दुकान बंद आहे" असें यंत्र सांगतें, आणि रात्रीं आठ वाजतां बंद दुकानाची घंटा वाजवीत बसतें. येथें यंत्र खोटें बोलत नसतें, त्याचें घड्याळ ग्रीनिचचें असतें. आपल्या दहा वाजतां तेथें पहाटेचे साडेचार असतात. साडेपांच तासांचा हा फरक दुरुस्त केला कीं तक्रार मिटते. सणांच्या सुट्ट्याहि दरवर्षीं नव्यानें भराव्या लागतात. गुढीपाडवा दरवर्षीं त्याच इंग्रजी तारखेस येत नाहीं.

तिसरी तक्रार फोन गोल गोल फिरण्याची. मुनीम बाहेर जातांना आपला फोन मोबाइलवर वळवितो, आणि मोबाइल न उचलल्यास तो पुन्हां पेढीच्या मुख्य क्रमांकावर येईल अशी योजना असते. गिऱ्हाईक पुन्हां पहिल्याच नमस्काराशीं येऊन पोंचतें. अशा वेळीं प्रत्येक वाट कागदावर काढून तिचा शेवट कोठें होतो तें पाहावें. चौथी तक्रार, एकाचा आवाज जातो, दुसऱ्याचा येत नाहीं. घंटेचा संदेश एका दारानें जातो आणि आवाज दुसऱ्या. पेढीच्या राउटरनें दुसरें दार बंद ठेवलें असेल तर असें होतें. तेथें जाणत्या कारागिराला बोलवावें. या सर्वांची परीक्षा पेढींत बसून करूं नये. बाहेरच्या साध्या फोनवरून गिऱ्हाइकाप्रमाणें करावी.

सांगलीकरांना आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवणें प्राप्त आहे. ऑगस्ट २०१९ मध्यें व जुलै २०२१ मध्यें कृष्णेचें पाणी शहरांत शिरलें. तळमजल्यावरील यंत्र अशा वेळीं आधींच निकामी होतें, आणि शेतकरी तर नेमका तेव्हांच आपल्या पोत्यांची चौकशी करण्यासाठीं फोन करीत असतो. म्हणून यंत्र वरच्या मजल्यावर ठेवावें, त्याला बॅटरी जोडावी, आणि ओळ बंद पडल्यास फोन आपोआप दुसऱ्या गांवच्या क्रमांकावर जाईल अशी सोय टेलिफोन कंपनीकडूनच करून घ्यावी. आयर्विन पुलाजवळ पाणी चढूं लागल्यावर ही सोय करूं म्हणणें म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणें होय.

ज्या शेतकऱ्याची वर्षाची कमाई वखारींत आहे, त्याला भाव यंत्रानें सांगितला तरी चालतो, पण "माल सुरक्षित आहे काय?" याचें उत्तर त्याला माणसाच्या तोंडून हवें असतें. द्वारपालाचें काम दार उघडून आंत नेण्याचें आहे, मालकाच्या गादीवर बसण्याचें नव्हे. मालकानें महिन्यांतून एकदां तरी स्वतः बाहेरून फोन लावावा आणि माणसाचा आवाज कानीं पडेपर्यंत किती वेळ लागतो तें घड्याळावर पाहावें. मिनिटापेक्षां अधिक लागल्यास दुसऱ्या दिवशींच पर्याय कमी करावेत.