फोटो काढताना
(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



आपल्या अहवालांत फोटो असतात ते पाठमोऱ्या गर्दीचे, नाहीतर हार घातलेल्या पाहुण्यांचे. बोलणारी बाई त्यात दिसतच नाही. ती दिसावी म्हणून महागडा कॅमेरा लागत नाही. हातातला मोबाइल पुरतो.

आधी तिला विचारा, मग काढा. झूम करण्यापेक्षा दोन पावलं पुढे जा. उजेड तिच्या चेहऱ्यावर पडू द्या. खिडकी पाठीमागे आली की चेहरा काळा येतो. ती खाली बसली असेल तर आपणही बसा. उभं राहून वरून काढलेल्या फोटोत धीट बाईसुद्धा बिचारी दिसते.

अत्याचार सोसलेल्या बाईची ओळख मात्र जपाच. बलात्काराच्या प्रकरणात ती छापणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. नुसता चेहरा झाकून भागत नाही. हातावरचं गोंदण, दारावरची पाटी, शेजारी उभं असलेलं मूलही ओळख सांगून जातं.

शेवटी, फोटोखाली तारीख आणि गाव लिहा, काढणारीचं नावही लिहा. होमाई व्यारावाला (१९१३–२०१२) या भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. त्यांचेही सुरुवातीचे फोटो नवऱ्याच्या नावानं छापले गेले होते. आपल्या कामाची नोंद आपल्याच नावानं राहू द्या.