नाटकातला सवाल



पूर्वी मराठी नाटकात बायकांची कामं बहुधा पुरुषच करीत. घरंदाज बाई नाटकात गेली, की लोक नावं ठेवीत.

१९३३ साली मुंबईत ‘नाट्यमन्वंतर’ ही लहानशी नाटकमंडळी निघाली. तिनं ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक केलं. मूळ नाटक नॉर्वे देशातलं. त्यात बिंबाचं काम केलं गोव्याच्या ज्योत्स्ना भोळे यांनी. नाटकाचा सवाल सरळ होता : चालचलणूक बाईनंच का राखावी? पुरुषानं का नको?

मंडळी फार दिवस टिकली नाही. पण वाट पडली ती पडलीच.

तुम्ही गावच्या जत्रेत नाटक बसवाल, तेव्हा लेकीसुनांना बरोबर घ्या. त्यांना नुसतं रडायचं काम देऊ नका. त्यांच्या तोंडी असा एक सवालही द्या.