तट आपला, दगडही आपलाच

आम्ही रेवदंड्याच्या कोटात राहणाऱ्या बचत गटातल्या बायका. आज आमच्या तटाबद्दल बोलणार आहोत.

आमचं गाव तटाच्या आत वसलंय. नारळी-पोफळीच्या वाड्या, विहिरी, घरं, आणि मधेमधे पडक्या चर्चच्या भिंती. पोर्तुगीजांनी १५२१ मध्ये निजामशहाच्या परवानगीने इथे किल्ला बांधायला घेतला. पुढे १५७०-७१ मध्ये निजामशाही फौजेने वेढा घातला, तरी कोट पडला नाही. १७४० मध्ये तो मराठ्यांकडे आला. वाड्यांतून दिसणारा सातखणी मनोरा पोर्तुगीज काळातला.

खरं सांगायचं तर आमच्यातल्या काही घरांच्या जोत्याला तटाचाच दगड आहे. सासऱ्यांनी, आजेसासऱ्यांनी आणलेला. तेव्हा त्यात कुणाला वावगं वाटलं नाही.

एका पावसाळ्यात तटाचा तुकडा वाडीच्या वाटेवर कोसळला. मुली त्याच वाटेने शाळेत जातात. नशीब, कुणाला लागलं नाही. गटात मात्र दोन मतं पडली. कुणी म्हणे, दगड गडग्याला वापरू. कुणी म्हणे, असेच नेत राहिलो तर उरेल काय? बरीच बाचाबाची झाली. शेवटी ठरलं, वाट मोकळी करायची, दगड तटाशीच रचून ठेवायचे आणि ग्रामपंचायतीमार्फत पुरातत्त्व खात्याला कळवायचं.

तेव्हापासून काही गोष्टी आम्हाला कळल्या. तटाचा मोठा वैरी पिंपळ-वडाचं रोप. पक्ष्यांच्या विष्ठेतून बी पडतं, मुळं सांध्यात शिरतात आणि दगड फाकतात. वाढलेलं झाड ओढून काढू नये, मुळासोबत भिंतही येते. ते जाणकारांचं काम. भेगेत सिमेंटही भरू नये. जुनी बांधणी चुन्याची, ती ओल बाहेर सोडते. सिमेंट ओल कोंडतं, खारं पाणी आत मुरतं आणि दगड झिजतो.

आणखी एक. केंद्र सरकारने संरक्षित केलेल्या स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही, त्यापुढे २०० मीटरपर्यंत परवानगी लागते. घर वाढवायचं असेल तर पाया खणण्याआधी चौकशी करा. नंतर नोटीस आली की कर्जाचे पैसे मातीत जातात.

आता पावसाळा संपला की आम्ही तटाच्या कडेने फिरतो, कचरा उचलतो, नवी भेग दिसली की वहीत लिहून ठेवतो. तुमच्या गावातही गढी, बारव, वेस असेल. पुढच्या बैठकीत तिचा विषय नक्की काढा.